‘कम्युनिझम कसा होता?’ असं विचारू नका: रशियात सोव्हिएत काळाबद्दल कसं बोलावं, कसं ऐकावं

दरवर्षी उन्हाळा सरला की माझ्याकडे मुलं-मुली यायला लागतात. कोणी लातूरचं, कोणी जळगावचं, कोणी कोल्हापूरचं. रशियातल्या मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतलेला असतो आणि हातात जेमतेम दीड महिना असतो. तेवढ्यात मी त्यांना कामापुरतं रशियन शिकवते: दुकानात काय म्हणायचं, होस्टेलच्या बाईंशी कसं बोलायचं, पेशंटला ‘कुठे दुखतंय’ कसं विचारायचं. पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. “मॅडम, तिथे अजून कम्युनिझम आहे का?” आणि सोडायला आलेले वडील दारातूनच म्हणतात, “लोकांना तो परत हवाय म्हणे.”

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहितेय. मी १९९१ ते १९९५ मॉस्कोत शिकले. गेले तेव्हा देश एक होता, पहिला हिवाळा संपायच्या आत दुसराच झाला. त्यानंतर दुभाषी म्हणून अनेकदा जाणं झालं. तुम्ही सहा वर्षं तिथे राहणार आहात, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीला स्टेथोस्कोप लावणार आहात. त्यांच्या आयुष्यात काय होऊन गेलंय आणि ते कोणत्या शब्दांत सांगतात, हे तुम्हाला कळायलाच हवं.

आधी प्रश्न बदला

‘कम्युनिझम चांगला होता की वाईट?’ हा प्रश्न रशियन माणसाच्या घरात विचारू नका. एक तर ‘कम्युनिझम’ हा शब्द ते स्वतःच्या आयुष्यासाठी क्वचितच वापरतात. त्यांच्या शाळेत कम्युनिझम म्हणजे पुढे कधीतरी येणारी गोष्ट होती. ख्रुश्चेव्ह यांच्या काळात, १९६१ साली, पक्षाने वीस वर्षांत त्याचा पाया पूर्ण करू असं छापून जाहीर केलं होतं. तो काही आला नाही. लोक जगले ते ‘प्री सायूझे’, म्हणजे ‘युनियन होतं तेव्हा’. तोच शब्द तुम्हीही वापरा.

आणि मत विचारू नका, वस्तू विचारा, वर्ष विचारा. घरी फ्रिज कधी आला? पहिला पगार किती होता आणि त्यातून काय घेतलं? हा फ्लॅट कोणाच्या नावावर मिळाला, त्याआधी किती कुटुंबं एका स्वयंपाकघरात होती? असं विचारलंत की माणूस आधी हसतो, मग खुर्ची पुढे ओढतो. फ्लॅटवरून गोष्ट ‘कोमुनाल्का’वर जाते, म्हणजे एका घरात चार-पाच बिऱ्हाडं, एक संडास आणि दारावर प्रत्येकाची वेगळी घंटा. परळ-लालबागच्या चाळीत आजोळ असलेल्यांना हे चटकन उमजतं. फरक एवढाच, की शेजारी कोण कोणाबद्दल कुठे काय सांगेल याची धास्ती आपल्या चाळीत नव्हती.

वयस्क माणसाला हाक मारताना नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही घ्या. आपण कागदोपत्री मधलं नाव लावतो तसंच ते आहे, फक्त तिकडे ते तोंडाने घेतात. आणि ‘ती’ म्हणजे तू, ‘वी’ म्हणजे तुम्ही. आजीला चुकूनही ‘ती’ म्हणू नका.

एका खणातली चार कागदपत्रं

दुसऱ्या वर्षी मी होस्टेल सोडून एका पेन्शनर बाईंकडे खोली घेतली. मॉस्कोच्या नैऋत्य भागातली पाचमजली ‘ख्रुश्चोव्का’, लिफ्ट नाही, स्वयंपाकघर इतकं लहान की टेबलाशी बसूनच मागच्या शेगडीवरची किटली उचलता यायची. बाई १९२७ च्या. आयुष्यभर एका डिझाइन ब्युरोत नकाशे काढलेले. त्या स्वयंपाकघरात मी रशियन शिकले, वर्गात नाही.

एका संध्याकाळी त्यांनी खण उघडला आणि त्यातली कागदपत्रं टेबलावर मांडली. पहिलं, बचत बँकेचं पासबुक. त्यात चार हजार रूबल, म्हणजे जुन्या हिशेबाने त्यांची अडीच वर्षांची पेन्शन. २ जानेवारी १९९२ ला सरकारने भाव मोकळे केले आणि त्या एका वर्षात किमती सुमारे २६ पट झाल्या. पासबुकातला आकडा तसाच होता, त्यात आता काही किलो सॉसेज आलं असतं. दुसरा कागद १९५७ चा, एकाच पानाचा, गोल शिक्क्याचा: वडिलांना दोषमुक्त केल्याचा दाखला. कारण लिहिलं होतं, ‘गुन्हाच घडलेला नसल्यामुळे’. तिसरा, त्याच वर्षीचा वडिलांच्या मृत्यूचा दाखला: १९४३, न्यूमोनिया. चौथा, पुन्हा त्यांच्याच मृत्यूचा दाखला, १९९० चा: १९३८, गोळी घालून.

एकाच माणसाचे मृत्यूचे दोन दाखले. हा काही कारकुनी घोळ नव्हता. १९५५ पासून अशा कुटुंबांना खोटी तारीख आणि खोटा आजार लिहून द्यायचा गुप्त आदेशच होता, खरं कारण लिहून द्यायला १९८९ उजाडावं लागलं. १९५५ च्या आधी तर नातेवाइकांना एवढंच सांगितलं जायचं, ‘दहा वर्षं, पत्रव्यवहाराचा हक्क नाही.’ बाईंच्या आईने ती दहा वर्षं मोजली होती.

मला वाटलं, आता त्या जुन्या राजवटीला शिव्या देतील. त्यांनी कागद परत घडी घालून ठेवले आणि म्हणाल्या, “वडील नेले ते चूक. पण युद्ध कोणी जिंकलं? आणि हे पासबुक कोणी बुडवलं? स्टालिनने नाही.” त्यांचा मोठा भाऊ १९४२ मध्ये र्झेव्हच्या आघाडीवर पडला होता. १९९६ च्या निवडणुकीत त्यांनी तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्याविरुद्ध कम्युनिस्ट पक्षाच्या झ्युगानोव्ह यांना मत दिलं. त्यांच्यासारखे दुसऱ्या फेरीत ४० टक्के होते.

हा प्रसंग मी प्रत्येक तुकडीला सांगते, कारण तुमच्याही समोर असा खण कधी ना कधी उघडेल. तेव्हा एक करा: या कागदांचा मेळ घालायला त्यांना भाग पाडू नका. ‘वडिलांना मारलं, तरी तुम्ही त्याच पक्षाला मत देता?’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी चहा ओतला, एवढंच बरं केलं. त्यांच्या मनात सगळे कागद एकाच खणात असतात, आणि त्यातला सर्वात ताजा घाव पासबुकाचा.

शब्द ओळखा

भाषा कोणत्या बाजूला झुकतेय ते शब्दावरून कळतं. ‘सावोक’ म्हणजे केर भरायचं सुपलं. सोव्हिएत काळाला आणि त्या वळणाच्या माणसाला तुच्छतेने तेच म्हणतात. ज्याच्या तोंडी ‘सावोक’ आहे त्याच्याशी जुन्या आइस्क्रीमची तारीफ करत बसू नका. ‘झास्तोय’ म्हणजे साचलेपण, ब्रेझनेव्ह यांचा काळ (१९६४-८२). पण नुसतं ‘तेव्हा शांत होतं’ असं कोणी म्हणालं तर तोही तोच काळ. ‘लिखिए देव्यानोस्तिये’, बेफाम नव्वदी, हा शब्द आला की समजा पासबुक, बंद पडलेला कारखाना, सहा महिने थकलेला पगार, जिन्यात झालेला खून, यांपैकी काहीतरी घरात घडलेलं आहे. १९९४ साली रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५८ च्याही खाली गेलं होतं. युद्ध नसताना.

‘विकत घेतलं’ऐवजी म्हातारी माणसं ‘दास्ताल’ म्हणतात, म्हणजे मिळवलं, पैदा केलं. पैसा होता, दुकानात माल नव्हता, मग ओळखीने बूट मिळवायचे. त्या टंचाईचं नाव ‘देफित्सीत’, त्या ओळखीचं नाव ‘ब्लात’. आजही दवाखान्यात नियमाने काम होईल यापेक्षा ओळखीने होईल यावर लोकांचा जास्त भरवसा दिसेल, तो तिथून आलाय.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘व्झ्याली’. ‘आजोबांना व्झ्याली.’ रशियनमध्ये या वाक्याला कर्ताच नसतो. मराठीतही अगदी तसंच म्हणता येतं: ‘आजोबांना नेलं.’ कोणी नेलं, कुठे नेलं, विचारायची गरज पडत नाही. हा शब्द ऐकलात की पुढचा प्रश्न थांबवा आणि समोरच्याला वेळ द्या. स्टालिनच्या दडपशाहीत, १९३७-३८ या दोन वर्षांत, सरकारी दप्तरातल्या नोंदींप्रमाणेच, ६,८१,६९२ माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. आपल्यासमोर बसलेला माणूस त्यातल्या एकाचा नातू असू शकतो, तसा गोळी घालणाऱ्याचाही असू शकतो. कधीकधी दोघांचाही.

युद्धाचं म्हणाल तर तारीख जपा. आपल्या पुस्तकात दुसरं महायुद्ध १९३९ ला सुरू होतं. तिथल्या घरात ते २२ जून १९४१ ला सुरू होतं आणि ९ मे १९४५ ला संपतं. दोन कोटी सत्तर लाखांच्या आसपास माणसं गेली. ‘उ वास क्तो-निबुद् वयेवाल?’, तुमच्याकडचं कोणी लढलं होतं का, एवढं विचारा. भिंतीवरचा फोटो खाली उतरेल.

इथे आपल्याकडे एक धागा आहे. माझे आजोबा गिरणीत होते आणि अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी मैदानात उभं राहून ऐकला होता. आमच्या घरी रशिया म्हणजे तो पोवाडा आणि ‘प्रगती’, ‘रादुगा’ या मॉस्कोच्या प्रकाशनांची गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं. अण्णाभाऊ स्वतः १९६१ मध्ये तिकडे गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस स्टालिनचा देह लेनिनशेजारून उचलून क्रेमलिनच्या भिंतीशी पुरला गेला आणि थोड्याच दिवसांत स्टालिनग्राडचं नाव व्होल्गोग्राड झालं. अण्णाभाऊंचा पुतळा २०२२ पासून मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात आहे, जरूर पाहा. पण आपल्या आजोबांचा रशिया त्यांच्या आजोबांवर लादू नका. आपल्या आजोबांनी तो मनापासून गायला, त्यांच्या आजोबांनी तो सोसला, उभारला आणि वाचवला.

आकडे वाचताना

‘६६ टक्के रशियनांना सोव्हिएत युनियन तुटल्याचं दुःख’, ‘७० टक्क्यांना स्टालिनची भूमिका चांगली वाटते’. हे आकडे खरेच आहेत. लेवादा सेंटर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ आणि २०१९ च्या पाहण्यांतले. पण एक आकडा सुटा वाचू नका. युनियन तुटल्याचं दुःख सांगणारे २००० साली ७५ टक्के होते, २०१२ मध्ये ४९ वर आले, २०१८ ला पुन्हा ६६. मधल्या काळात जुनी राजवट काही बदलली नव्हती. बदललं ते आजचं: २०१८ साली सरकारने निवृत्तीचं वय पाच वर्षांनी वाढवायचा निर्णय घेतला आणि लोक संतापले. म्हणजे जुन्याची ओढ मोजताना तुम्ही बरंचसं आजचं गाऱ्हाणं मोजत असता. दुःखाचं कारण विचारलं तर लोक एकसंध अर्थव्यवस्था गेली म्हणतात, मोठ्या देशाचे नागरिक असल्याची भावना गेली म्हणतात. खासगी मालमत्ता बंद करा असं म्हणणारा माणूस मला इतक्या वर्षांत दोनदाच भेटला. शिवाय जिथे बोलण्यावर खटले होतात तिथे अनोळखी माणसाने घरी येऊन विचारलेल्या प्रश्नाला कोण काय उत्तर देईल, याचाही विचार करा.

सरकारने काय ठेवलं, काय टाकलं

हे नीट पाहिलंत तर आजचं राजकारण निम्मं उलगडेल. ठेवलं ते राज्य: सैन्य, गुप्तहेर खातं, अवकाशयान, विजय. टाकली ती क्रांती. ७ नोव्हेंबर, क्रांतीचा दिवस, २००५ पासून सुट्टीचा राहिला नाही. त्याजागी ४ नोव्हेंबर आला, सतराव्या शतकात पोलिश सैन्याला मॉस्कोतून हाकलल्याची आठवण म्हणून. २०१७ ला क्रांतीची शंभरी आली, क्रेमलिनने कसलाही मोठा सोहळा केला नाही. रस्त्यावर जमाव उतरून सत्ता उलथते, ही आठवण कोणत्याही सत्तेला नकोच असते.

पुतिन यांनी २००५ मध्ये युनियनच्या पतनाला शतकातली सर्वात मोठी भू-राजकीय आपत्ती म्हटलं, पण लेनिनवर ते उघड टीका करतात. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर सैन्य पाठवण्याच्या तीन दिवस आधीच्या भाषणात त्यांनी आधुनिक युक्रेन ही लेनिनची निर्मिती असल्याचं सांगितलं. राष्ट्रगीताची सोव्हिएत चाल त्यांनी २००० मध्ये परत आणली. नवे शब्द लिहिले त्याच सेर्गेई मिखाल्कोव्ह यांनी, ज्यांनी १९४४ चे स्टालिनचं नाव असलेले शब्द लिहिले होते आणि १९७७ साली त्यातून स्टालिनला वगळलंही होतं. तीन पिढ्या एकाच चालीवर उभ्या राहतात आणि ओठांवर शब्द वेगवेगळे येतात.

कम्युनिस्ट पक्ष आजही आहे. २०२१ मध्ये त्याला जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली, पण युद्धासारख्या मोठ्या प्रश्नावर तो क्रेमलिनच्याच बाजूने उभा राहतो. उलट दडपशाहीच्या बळींची नावं गोळा करणारी ‘मेमोरियल’ संस्था, जिचे पहिले अध्यक्ष मानवी हक्कांसाठी लढलेले शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह होते, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बंद करायला लावली. दहा महिन्यांत तिला शांततेचं नोबेल मिळालं. हे लिहिताना मला आजही राग येतो. माझ्या घरमालकीणबाईंच्या वडिलांसारख्या लाखो माणसांच्या नोंदी त्या लोकांनी एकेक कागद जुळवून केल्या होत्या.

एक दिवस काढा आणि पाहा

मॉस्कोत सुट्टीचा एक दिवस मिळाला तर लुब्यान्का चौकातून सुरुवात करा. समोर पिवळसर मोठी इमारत दिसेल, ती गुप्तहेर खात्याची. चौकाच्या मधोमध सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक झेर्झिन्स्की याचा पुतळा होता, लोकांनी आग्रह धरला आणि २२ ऑगस्ट १९९१ च्या रात्री तो क्रेनने उतरवला. मी मॉस्कोत पोचले तेव्हा त्या जागी नुसता चौथरा होता. बाजूच्या बागेत एक ओबडधोबड करडा दगड आहे. सोलोव्हेत्स्की बेटांवरच्या छावणीतून आणून १९९० मध्ये बसवलेला. आणि दोन पावलांवर ‘देत्स्की मीर’, मुलांचं दुकान. १९९२ मध्ये त्याच्या भिंतीला लागून माणसं रांगेत उभी असायची, हातात विकायला एकेक वस्तू: लोकरी मोजे, बुटांचा जोड, चांदीचा चमचा. छावणीचा दगड, गुप्तहेर खात्याची इमारत आणि ती रांग, हे तिन्ही एका नजरेत मावतं. झेर्झिन्स्कीचा जुना पुतळा आता मुझेऑन बागेत आहे, आणि २०२३ मध्ये परदेशी हेरखात्याच्या मुख्यालयासमोर त्याचा नवा बसवलाय.

मग मेट्रोने तागान्स्कायाला जा. तिथे २०२५ च्या मे महिन्यात स्टालिनचं भित्तिशिल्प पुन्हा लावलं. दहा मिनिटं बाजूला उभं राहून येणारी-जाणारी माणसं पाहा: कोणी फूल ठेवतं, बहुतेक जण मान वर न करता गाडी पकडतात.

परतताना जुन्या गल्ल्यांतून चाला आणि दारांशेजारी तळहाताएवढी पोलादी पट्टी दिसते का पाहा. डाव्या बाजूला फोटोच्या जागी रिकामा चौकोन. ‘इथे राहत होता’, नाव, व्यवसाय, जन्माचं वर्ष, अटकेची तारीख, गोळी घातल्याची तारीख, दोषमुक्तीचं वर्ष. बस्स. बऱ्याच पट्ट्या हल्ली कोणीतरी काढून नेतं, चार स्क्रूंची भोकं उरतात.

सगळे रशियन नसतात

वर्गात तातार, बुर्यात, चेचेन, कझाक मुलंही असतील. त्यांच्या घरातली आठवण निराळी. २३ फेब्रुवारी हा रशियात सैनिकांचा, एकंदर पुरुषांचाच दिवस. मुली मुलांना भेटी देतात. पण १९४४ ला त्याच दिवशी चेचेन आणि इंगुश लोकांना, जवळजवळ पाच लाखांना, मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात पाठवायला सुरुवात झाली होती. ग्रोझनीच्या मैत्रिणीशी त्या दिवशी कसं बोलायचं ते तिच्याकडून समजून घ्या. कझाक मुलाच्या पणजोबांच्या गोष्टीत तीसच्या दशकातला दुष्काळ असेल.

आणि आता एक गोष्ट, जिच्याबाबत मी कडक आहे. सोव्हिएत युनियन आणि नाझी जर्मनी यांच्या युद्धातल्या वागण्याची जाहीर बरोबरी करायला २०२१ पासून कायद्याने बंदी आहे. सैन्याची बदनामी केल्याबद्दल २०२२ पासून शिक्षा आहे. तुम्ही परके आहात, फार तर परत याल. ज्या आजीने तुम्हाला खण उघडून दाखवला तिला तिथेच राहायचंय. तिचं बोलणं रेकॉर्ड करू नका, तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर टाकू नका, होस्टेलच्या ग्रुपवरही नाही. टॅक्सीत, वर्गात, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये राजकारण काढू नका. स्वयंपाकघर हीच त्यासाठीची जागा. तिथल्या लोकांनी ती रीत साठ-सत्तर वर्षांपूर्वीच बसवलेली आहे.

कोणाकडे पहिल्यांदा जाताना फुलं न्या. मोजून न्या: जिवंत माणसाला विषम, तीन किंवा पाच. सम संख्या फक्त मेलेल्यांसाठी. फुलवाल्या बाईला आधी सांगा कुठे न्यायची आहेत, ती बरोबर देते. माझ्या घरमालकीणबाई लाल कार्नेशन घ्यायच्या. ऑक्टोबरच्या तीस तारखेला, बळींच्या स्मरणदिनी, दोन दगडापाशी, वडिलांची. नऊ मेला दोन क्रेमलिनच्या भिंतीशी, अनाम सैनिकाच्या ज्योतीपाशी, भावाची. जाताना मला म्हणायच्या, “तू देठ धर, माझे हात गारठलेत.”